गळाची पेटी

गारगोटीस राहणाऱ्या माझ्या एका भाच्यास गेल्या उन्हाळ्यांत गळ टाकून मासे धरण्याचा नाद लागला. घरापासून वेदगंगा जवळ, शाळेला सुटी, आणि अंगांत उत्साह. तेव्हां त्यांत नवल कांहींच नाहीं. त्यानें मला पत्र लिहिलें : "मामा, नवशिक्यानें पेटींत काय काय ठेवावें तेवढें कळवा. लांबलचक लिहूं नका, नुसती यादी पाठवा." मीं कागद पुढें ओढला, वर ‘यादी’ असें लिहिलें, त्याखालीं ‘गळ’ हा पहिला शब्द लिहिला, आणि तेथेंच अडलों. कारण गळ म्हटला कीं तो केवढा, हा प्रश्न आला. तो सोडवावयाचा तर मासा कोणता, त्याचें तोंड केवढें, तो पाण्याच्या वरच्या थरांत हिंडतो कीं तळाशीं दडून बसतो, खातो काय, हें सर्व आधीं ठाऊक पाहिजे. यादी बाजूला राहिली आणि मी जुने ग्रंथ उघडून बसलों. श्रोतेहो, त्या शोधांत जें हातीं लागलें तेंच आज आपणांस सांगणार आहें. भाच्याला लांबलचक नको होतें. आपण तितके कठोर होणार नाहीं अशी आशा आहे.

माझ्यासारखीच अडचण आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं एका राजाला पडली होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील तिसरा सोमेश्वर हा सन ११२६ च्या सुमारास गादीवर आला व सन ११३८ पर्यंत त्यानें राज्य केलें. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य मोठा पराक्रमी म्हणून गाजला. पुत्राचें मन तलवारीपेक्षां ग्रंथांत अधिक रमलें. ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा त्याचा संस्कृत ग्रंथ सन ११३० च्या सुमारास सिद्ध झाला. पांच विंशति आणि प्रत्येक विंशतींत वीस अध्याय, असा हा शंभर अध्यायांचा पसारा आहे. राज्य कसें मिळवावें व कसें टिकवावें येथपासून तों रत्नें, हत्ती, पक्वान्नें, चित्रकला, गायन आणि नाना प्रकारचे खेळ येथपर्यंत राजाला जें जें ठाऊक असावें असें सोमेश्वरास वाटलें, तें तें त्यानें त्यांत घातलें. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं या ग्रंथाचें संपादन केलें. पहिला भाग १९२५ सालीं व दुसरा १९३९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील विनोदांच्या विंशतींत (येथें विनोद म्हणजे थट्टामस्करी नव्हे, तर करमणूक) ‘मत्स्यविनोद’ नांवाचें एक प्रकरण आहे. तें सर्व गळानें मासे धरण्याविषयींच आहे.

आतां राजाच्या पदरीं माणसांची काय वाण! जाळें टाकणारे शेंकडों असतील. पण करमणुकीसाठीं मासा धरावयाचा तर तो स्वतःच्या हातानें व एकएकटा धरला पाहिजे, आणि तसें करावयाचें तर माशाची ओळख हवी, हें सोमेश्वराला पक्कें उमगलें होतें. म्हणून तो माशांची ओळख करून देतो. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. मोठे कोणते, लहान कोणते. सुमारें पस्तीस जाती त्यानें नांवानिशीं सांगितल्या आहेत. मग त्यांचें खाणें. कोणास पिठाचे अथवा भाताचे गोळे, कोणास तिळाची पेंड, आणि मांसावर जगणाऱ्या माशांस मांस, असा जातवार विचार त्यानें केला आहे. गळ, दोरी व काठी यांचाहि विचार आहेच. शिवाय मासा लागल्यावर दोरी केव्हां ढिली सोडावी व केव्हां ओढावी, हेंहि आहे. अशा क्रमानें पेटी भरली तर तींत निरुपयोगी वस्तु फार थोड्या येतील. आपल्या देशांतील मत्स्यशास्त्राचे थोर अभ्यासक सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं या प्रकरणावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि तेव्हांपासून विद्वानांचें लक्ष त्याकडे लागलें.

हा राजा गारगोटीला परका नव्हता. त्या काळीं कोल्हापूर प्रांतीं शिलाहारांचें राज्य होतें व ते चालुक्यांचे मांडलिक होते. सोमेश्वराच्या समकालीं गंडरादित्य शिलाहार गादीवर होता. त्यानें मिरज प्रांतांत ‘गंडसमुद्र’ नांवाचा तलाव बांधून त्याच्या कांठीं शिव, बुद्ध आणि अर्हत् या तिघांचीं देवालयें उभारलीं, असें त्याच्या काळच्या लेखांतून दिसतें. गारगोटीच्या माथ्यावरील भुदरगड किल्ल्याच्या उभारणीचें श्रेय याच गंडरादित्याचा नातू दुसरा भोज यास दिलें जातें. वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. तेव्हां सोमेश्वराच्या राज्यांतून वाहणाऱ्या कृष्णेच्या पाण्यांत आमच्या गांवच्या पाण्याचाहि वांटा होता, आणि मासे कांहीं मांडलिकांच्या सरहद्दी ओळखीत नाहींत. आणखी एक गंमत सांगतों. या संस्कृत ग्रंथाच्या गायनविषयक भागांत मराठी भाषेंतील एक पद आलें आहे, आणि आपल्या भाषेच्या अगदीं जुन्या नमुन्यांत त्याची गणना होते. त्याचा विषय कोणता? तर मत्स्यरूपानें रसातळांतून वेद वर आणणारा नारायण! वेदगंगेच्या कांठीं गळ टाकून बसणाऱ्या मुलाला याहून चांगला शकुन कोणता सांगावा?

येथून आपण क्षणभर विलायतेस जाऊं, कारण आज बाजारांत मिळणाऱ्या पेटीची घडण बरीचशी तिकडची आहे. इंग्रजी भाषेंत गळावरचें पहिलें छापील पुस्तक १४९६ सालीं निघालें, म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशें वर्षांनीं. तें ज्युलियाना बर्नर्स नांवाच्या एका बाईनें लिहिलें असें परंपरेनें मानितात. त्यांत पेटी विकत घ्या असें कोठेंच नाहीं. सगळें घरीं करावयाचें. गळ करावयाचा तो सुईचा. बारीक माशाला कशिद्याची बारीक सुई, त्याहून मोठ्याला शिंप्याची, आणखी मोठ्याला मोच्याची दणकट सुई. ती तापवून मऊ करावी, सुरीनें तिच्या अंगावर उलटा दांत उचलावा, मग वांकवावी आणि पुन्हां तापवून पाण्यांत विझवावी. दोरी घोड्याच्या शेंपटीच्या केसांची. सर्वांत लहान माशाला एक केस पुरे. सामन माशाला पंधरा केसांचा पीळ. पाहा, येथेंहि मासाच दोरीचें माप ठरवितो. पुढें रेडिच नांवाच्या गांवीं सुया करणाऱ्या कारागिरांचा मोठा धंदा वाढला, आणि त्याच गांवांतून गळहि जगभर जाऊं लागले. सुई आणि गळ यांचें हें नातें असें घरगुती आहे.

काठीवरील रीळ मात्र विलायतेची कल्पना नव्हे. चिनी चित्रकार मा युआन यानें सन ११९५ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रांत थंडीनें गोठल्यासारख्या सरोवरावर एकाकी नावेंत बसलेला कोळी आहे, आणि त्याच्या काठीला दोरी गुंडाळण्याचें चाक स्पष्ट दिसतें. रिळाचें हें सर्वांत जुनें चित्र समजलें जातें.

आतां परत दख्खनेंत येऊं, कारण माझ्या मतें या कथेचा गाभा येथें आहे. सन १८२४ मध्यें मुंबई सरकारनें विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खन प्रांताची आंकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमलें. गांवोगांव हिंडतांना माणसें, पिकें आणि पेठा यांबरोबर या गृहस्थानें पशुपक्षी व मासेहि टिपले. सन १८३८ मध्यें लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढें त्याचा दख्खनच्या माशांवरील निबंध वाचला गेला. नव्या जातीला लॅटिन नांव द्यावयाचें हा शास्त्राचा नियम. साइक्सनें कांहीं नांवें आपल्या मित्रांच्या सन्मानार्थ दिलीं खरीं, पण कित्येक ठिकाणीं नदीकांठच्या लोकांनीं सांगितलेला मराठी शब्दच उचलून लॅटिन नांवाच्या शेपटाला जोडला. खुद्री, कोळस, नुक्ता, पोटेल, शिंघाळा, शिंगटी, अळकुटी, मळ्या, फुलुंगी, इचकी, असे हे शब्द आहेत. इंग्रजी कानांनीं ऐकलेले व इंग्रजी लिपींत उतरलेले असल्यामुळें कांहींचे उच्चार किंचित् बिघडले असतील. तरी आज जगाच्या पाठीवर कोणीहि मत्स्यशास्त्रज्ञ दख्खनच्या महाशीराचें शास्त्रीय नांव उच्चारतो, तेव्हां तो मुळामुठेच्या कांठचा ‘खुद्री’ हा शब्द उच्चारतो. साइक्सला हा मासा पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर सांपडला होता. ज्यानें तो धरून दिला आणि नांव सांगितलें त्या माणसाचें नांव मात्र कोठें छापलेलें नाहीं. मला हें फार लागतें. साहेबाची कदर केली पाहिजे, कारण त्यानें शब्द बदलला नाहीं. पण शब्दाचा मालक कागदावर येऊं शकला नाहीं, हेंहि विसरतां येत नाहीं.

हीं नांवें नुसतीं नांवें नव्हेत. ज्याला तीं ठाऊक त्याला पेटींत काय भरावें हें निम्में कळलें. अळकुट बोटाएवढी, चंदेरी, पाण्याच्या वरच्या थरांत झुंडीनें फिरणारी; तिला अगदीं बारीक गळ व कणकेचा कण पुरे, आणि शिसें लावलें तर आमिष तिच्या खालून निघून जाईल. मळ्याच्या तोंडाखालीं चकतीसारखा भाग असतो. त्यानें तो वाहत्या पाण्यांतल्या खडकाला चिकटून राहतो व शेवाळ खरवडतो. त्याच्यापुढें गांडूळ नाचवून काय उपयोग? शिंघाळ्याला लांब मिशा, अंगावर खवला नाहीं, आणि वृत्ति मांसाहारी. तो तळाशीं असतो, म्हणून शिसें हवें, मोठा गळ हवा, दोरीहि दणकट हवी. वाम सापासारखी लांब. ती दगडांच्या फटींत शिरली कीं दोरी तुटलीच म्हणून समजावें. मरळ आपल्या पिलांच्या थव्यावर पहारा करते. त्या दिवसांत तिला धरणें म्हणजे सगळा थवा उघड्यावर टाकणें होय. हें ज्ञान भोई आणि कोळी यांच्या घरीं बाप मुलाला नदीवरच देई. सोमेश्वराला माशांच्या सवयी कोणी सांगितल्या असतील? राजवाड्यांतल्या पंडितांनीं खास नव्हे.

साइक्सनंतर साहेब लोकांत गळाचा शोक वाढला. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या खेळावर पुस्तक लिहिलें. महाशीर हा सामनपेक्षां तसूभरहि उणा नाहीं, हें आपल्या देशबांधवांस पटवून देण्याची त्यानें पराकाष्ठा केली आहे. या लोकांच्या पेट्या पाहण्यासारख्या असत. पितळी रीळ, रेशमी दोरी, आणि टोकाला रेशमाच्या किड्याच्या पोटांतील ग्रंथि ताणून काढलेली पारदर्शक तांत. ही तांत विशेषतः स्पेनमधील मुर्सिया प्रांतांतून येई. कोरडी असतां ती कांचेसारखी मोडे, म्हणून गांठ मारण्यापूर्वीं भिजत घालावी लागे. उलट रेशमी दोरी ओली ठेवली तर कुजे, म्हणून घरीं आल्यावर ती उलगडून वाळवावी लागे. एकीला पाणी पाहिजे आणि दुसरीला नको. मासे धरण्यापेक्षां पेटीची बडदास्त राखण्यांतच त्यांचा निम्मा दिवस जात असेल!

१९३८ सालीं अमेरिकेंत नायलॉन जाहीर झालें आणि हा सगळा खटाटोप संपला. नायलॉनची दोरी स्वस्त, बळकट, पाण्यांत न दिसणारी आणि न कुजणारी. हा शेवटचा गुण मात्र दुधारी आहे. तांतेचा तुटका तुकडा नदी पचवून टाकी. नायलॉनचा तुकडा वर्षानुवर्षें झुडपाला लटकत राहतो, आणि बगळ्याच्या पायांत नाहीं तर कासवाच्या मानेंत अडकतो. भाच्याच्या यादींत म्हणून मीं एक रिकामी डबी आवर्जून घातली : तुटकी दोरी तींत टाकून घरीं आणण्यासाठीं.

दोरी बदलली तशी नदीहि बदलली. पाटगांवला वेदगंगेवर धरण झालें. जलाशयाला मौनी सागर हें नांव मिळालें. बारमाही पाणी आलें, शेतें हिरवीं झालीं, याबद्दल कोणी खंत करूं नये. पण खळाळत्या पाण्यांतल्या खडकाला चिकटणारा मासा थिजलेल्या पाण्यांत काय करणार? त्यांत बाहेरचे पाहुणे आले. १९५२ सालीं आफ्रिकेंतली तिलापिया हिंदुस्थानांत आणली गेली. आपले लोक तिला चिलापी म्हणतात. ती कोठेंहि जगते, कांहींहि खाते, आणि आपल्या नद्यांतून व तलावांतून असंख्य झाली आहे. आज नवशिक्याच्या गळाला बहुधा पहिली तीच लागते. साइक्सनें पुण्याच्या नद्यांत नोंदलेल्या जातींपैकीं कित्येक शहराजवळच्या पाण्यांत आतां दिसत नाहींत. कपाळावर टेंगूळ असलेला तो नुक्ता धोक्यांत आलेल्या माशांच्या यादींत जाऊन बसला आहे.

महाशीराची कथा याहून वेगळी व थोडी चमत्कारिक आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथें टाटांच्या वीज कंपनीनें १९७० नंतरच्या काळांत दख्खनच्या महाशीराची कृत्रिम पैदास सुरू केली. या कामांत डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्यासारख्या मराठी मत्स्यशास्त्रज्ञाचा मोठा वांटा होता. लाखों पिलें वाढलीं, आणि निरनिराळ्या प्रांतांतल्या नद्यांत सोडण्यासाठीं गेलीं. तीं कावेरींतहि गेलीं. कावेरींत तिचा स्वतःचा एक महाशीर होता, पाठीवर कुबड असलेला व आकारानें प्रचंड. आमच्या माशानें तेथें बस्तान बसविलें, आणि तो मूळचा मासा मागें हटत गेला. २०१८ सालीं त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. हेतु चांगला, परिश्रम खरे, पण मासा कोणत्या नदीचा हा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीवर मात्र निराळा प्रकार पाहावयास मिळतो. तेथें देवीचे म्हणून मानलेले महाशीर डोहांत निर्भयपणें फिरतात. त्यांना कोणी हात लावीत नाहीं, आणि त्यांच्यासाठीं कोणाला पैदास-केंद्र काढावें लागलेलें नाहीं.

अखेरीस मीं भाच्याला यादी पाठविली. ती अशी होती. कळकाची पुरुषभर उंचीहून थोडी मोठी काठी. रीळ सध्यां नको. बारीक नायलॉन दोरीचा एक गुंडा. गळ फक्त दोन मापांचे, प्रत्येकीं सहा. येथें लक्षांत ठेवावें कीं गळाचा आंकडा जसा मोठा तसा गळ लहान, म्हणून दुकानदाराकडे ‘मोठा नंबर’ मागून फसूं नये. पक्कडीनें गळाचा उलटा दांत दाबून टाकावा, म्हणजे नको असलेला मासा जखमी न होतां सुटतो. शिशाच्या चिमूटभर गोळ्या. तरंगणारी खूण म्हणून मोराच्या पिसाचा देठ पुरेल. तो बुडाला कीं समजावें. लहान कात्री, बारीक चिमटा, ओलें फडकें. गांडुळांसाठीं ओली माती घातलेला डबा, आणि कणीक. ती तुटक्या दोरीची डबी. जलाशयावर जावयाचें तर आधीं चौकशी करावी, कारण आपल्या राज्यांत जलाशयांतील मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थांकडे असतो. आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर चढणीचे मासे ओढ्यांतून वर येऊं लागले कीं महिनाभर पेटी फळीवर ठेवावी. तेव्हां माशांच्या पोटांत अंडीं असतात. शेवटीं एक लहान वही व शिसपेन्सील. जो मासा लागेल त्याचें नांव नदीवर जो कोणी जुना भोई असेल त्याला विचारून, तो जसें उच्चारील तसें लिहावें. पुस्तकांतलें नांव नंतर.

वहीचें प्रयोजन त्याला तितकेंसें पटलें नसावें असें मला वाटलें होतें. आपल्या मराठींत ‘गळ घालणें’ याचा अर्थ आर्जवानें विनवणें असाहि होतो. तेव्हां मीं पुढच्या पत्रांत वहीसाठीं त्याला पुन्हां एकदां गळ घातली. आठ दिवसांनीं त्याचें उत्तर आलें. पहिल्या दिवशीं तीन चिलापी मिळाल्या. चौथा मासा बोटभर लांब, चंदेरी, पाठीवर हिरवट झांक असलेला, ओळखीचा नव्हता. हात ओला करून त्यानें तो धरला, गळ काढला, आणि पाण्यांत सोडून दिला. वहींत त्यानें अंगाचें चित्र काढून ठेवलें आहे; नांवाची जागा अजून मोकळी आहे, कारण नांव सांगणारा म्हातारा त्या दिवशीं बाजाराला गेला होता.